पांढरी सात की काळी पाच? बाखच्या बी मायनर मिस्सेची लय, पट्टी आणि भाव ओळखायला शिकताना

पेटी शिकलेल्या माणसाला एखादी रचना 'बी मायनर'मध्ये आहे असं कळलं, की त्याचं बोट आपोआप पांढरी सातवर जातं. माझंही गेलं होतं. योहान सेबास्टियन बाखच्या मोठ्या मिस्सेचं रेकॉर्डिंग लावलं, पेटीवर पांढरी सात दाबली, आणि दोन्ही एकमेकांना लागेनात. पेटी वर, गाणारे खाली. कान बिघडला की पेटी उतरली, काही समजेना. शेवटी चाचपडत काळी पाचवर आलो आणि सूर जुळला. त्याच रेकॉर्डिंगमधल्या एका भागाबद्दल एका संकेतस्थळावर तयार उत्तर मिळालं होतं: एक पट्टी, ठोक्यांचा एक आकडा आणि 'मूड: दुःखी'. यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं, पण जसंच्या तसं घेण्यासारखंही काही नव्हतं.

पाश्चात्त्य समूहगायनाची लय, पट्टी आणि भाव स्वतःच्या कानांनी ओळखू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच ओळींची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता आली नाही तरी चालेल. पेटी किंवा तानपुऱ्याचं अॅप, मोबाइलमधलं मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र), वही, आणि रोज अर्धा तास एवढं पुरे. उदाहरण एकच धरू: बाखची बी मायनर मिस्सा.

आधी रचना कशी आहे ते बघा

मिस्सा हा शब्द वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत रोजचा आहे. चर्चमधली ही मुख्य उपासना. तिच्यातले पाच मजकूर दर वेळी तेच असतात, आणि शतकानुशतकं संगीतकारांनी ते पुन्हा पुन्हा स्वरबद्ध केले: किरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आन्युस देई. किरिए ग्रीक आहे, बाकीचे लॅटिन. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकापासून, वसईत ही उपासना मराठीतून होऊ लागली. त्यामुळे तिकडचा कोणी स्नेही असेल तर मजकुराचा अर्थ त्याच्याकडूनच समजून घ्या. पुस्तकापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

बाख स्वतः ल्युथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट होता. यातला किरिए आणि ग्लोरिया त्याने 1733 मध्ये ड्रेस्डेनच्या कॅथलिक राजदरबाराला अर्पण केला. त्याला दरबारी संगीतकाराचा किताब हवा होता, आणि 1736 मध्ये तो मिळाला. सांक्तुस त्याहून जुना, 1724 च्या नाताळासाठी लिहिलेला. उरलेले भाग जुळवून संपूर्ण रचना त्याने आयुष्याच्या अखेरीला, 1748-49 च्या सुमारास पुरी केली. 1750 मध्ये तो गेला. अख्खी मिस्सा एका बैठकीत झालेली त्याने कधी ऐकल्याची नोंद नाही. आज सर्रास वापरलं जाणारं 'बी मायनर मिस्सा' हे नावही त्याचं नव्हे, ते मागाहून पडलं.

ही माहिती इथे देतो ती एका कारणासाठी. ही रचना कित्येक वर्षांच्या निरनिराळ्या कामांतून उभी राहिली आहे. नेहमीच्या मोजणीप्रमाणे तिचे 27 भाग होतात. म्हणून 'या रेकॉर्डिंगची लय काय, पट्टी कुठली' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. विचारायचं ते एकेका भागाबद्दल. वहीत 27 ओळी आखा आणि प्रत्येक ओळीत चार रकाने करा: भागाचं नाव, लय, पट्टी, भाव. सगळ्या ओळी भरायची घाई नको. पहिल्या आठवड्यात चार भरल्या तरी भरपूर.

कुठलं रेकॉर्डिंग घ्यायचं

सुरुवातीला दोन घ्या, आणि ती एकमेकांपासून शक्य तितकी वेगळी असू द्या. एक ऑटो क्लेम्पररचं 1967 चं, आधुनिक वाद्यांवरचं, भारदस्त आणि संथ. दुसरं बाखच्या काळच्या पद्धतीची वाद्यं वापरणाऱ्या मंडळींचं, उदाहरणार्थ जॉन एलियट गार्डिनरचं 1985 चं. पैसे खर्च करायचे नसतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीने संपूर्ण मिस्सेचा व्हिडिओ सगळ्यांसाठी मोफत ठेवला आहे. शिकणाऱ्याला व्हिडिओ जास्त सोयीचा, कारण त्यात कोण वाजवतंय, कोण गप्प आहे, हे डोळ्यांना दिसतं. जोशुआ रिफकिनचं 1982 चं रेकॉर्डिंग मात्र नंतरसाठी ठेवा. त्यात एका आवाजाला एकच गायक आहे. मोठ्या वृंदाचा नाद कानात बसल्यावर ते ऐकाल तर तीच रचना नव्याने उलगडते.

जुन्या कॅसेट-एलपीवरून चढवलेल्या फायली शिकताना टाळा. फीत किंचित जोरात किंवा हळू फिरली असेल तर लय आणि पट्टी दोन्ही सरकतात.

लय: वृंदाकडे नको, खालच्या बासाकडे कान द्या

आपल्याला तबल्याची सवय. समेवर हात पडतो आणि लय कळते. इथे तबला नाही, आणि गाणारे चाळीस गळे कधी एका क्षणाला आघात करत नाहीत. त्यात दगडी चर्चचा घुमारा. एक अक्षर संपायच्या आत दुसरं त्यात मिसळतं. ठोके मोजणारी यंत्रं अडखळतात ती इथेच. त्यांना टोकदार आघात लागतात. ते मिळाले नाहीत की ती वेगाच्या दुपटीवर किंवा निमपटीवर जाऊन बसतात.

तुम्ही गायकांना काही वेळ विसरा. सर्वांत खाली चेलो, डबल बास आणि ऑर्गन मिळून एक अखंड ओळ वाजवत असतात. बाखच्या संगीतात ही ओळ जवळजवळ कधीच थांबत नाही. तिच्यावर पावलं टाका. अगदी खरोखर, खोलीत चालत. पायाला जो ठोका सहज सापडेल तो मेट्रोनोमच्या अॅपमध्ये बोटाने आठ-दहा वेळा टॅप करा आणि आलेला आकडा लिहा. हेच तीन ठिकाणी करा: आरंभी, मध्यावर आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या आधी. अगदी शेवटी करू नका, तिथे सगळेच लय ओढतात.

आता पडताळा. 'क्रुचिफिक्सुस' नावाचा भाग घ्या, क्रुसावर खिळण्याचा प्रसंग. हा भाग मी प्रत्येक नवख्याला सर्वांत आधी देतो, कारण यात मोजणं आणि समजणं एकाच जागी येतं. यात 53 बार, म्हणजे आपल्या आवर्तनासारखे मात्रांचे गट आहेत आणि प्रत्येक बारमध्ये तीन मोठ्या मात्रा. म्हणजे 159 मात्रा. ट्रॅक तीन मिनिटांचा असेल तर मिनिटाला 53, चार मिनिटांचा असेल तर 40 च्या किंचित खाली. बोटाने मोजलेला आकडा या गणिताच्या जवळ आला तर ठोका बरोबर सापडला. तो 106 आला तरी चुकलात असं नाही. खालच्या ओळीत प्रत्येक मोठी मात्रा दोन-दोन ठोक्यांत धडधडते. तुम्ही ती धडधड मोजली, एवढंच. यंत्रही तीच मोजतं, आणि मग संथ शोकगीताला मध्यलयीचा शिक्का बसतो.

ही धडधड बाखने मुद्दाम घातली आहे. हे संगीत त्याने 1714 मध्ये वायमार इथे एका कॅन्टाटासाठी, म्हणजे गायन-वाद्यांच्या अनेक भागांच्या रचनेसाठी, लिहिलं होतं. तिथे बासचे स्वर लांब, धरून ठेवलेले होते. मिस्सेसाठी जुनं संगीत पुन्हा हाती घेताना त्याने तेच स्वर ठोक्या-ठोक्यांत फोडले. त्यामुळे वर आवाज रेंगाळत राहतात आणि खाली पावलं चालत राहतात. वहीत दोन्ही आकडे लिहा, 53 आणि 106, आणि कुठला कशाचा तेही लिहा.

असंच पहिल्या किरिएचं. 126 बार, प्रत्येकी चार मात्रा, एकूण 504. दहा मिनिटांत गायला तर सरासरी 50, बारा मिनिटांत गायला तर 42. दोन रेकॉर्डिंगांमध्ये एवढा फरक सहज निघतो, आणि दोन्ही वृंदसंचालक आपापल्या जागी बरोबर असतात. मेट्रोनोमचं पेटंट निघालं 1815 मध्ये, बाखच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी. त्याने आकडा लिहून ठेवणं शक्यच नव्हतं. शब्दांतल्या खुणाही त्याने मोजक्याच दिल्या: किरिएच्या आरंभी अदाज्यो (संथ), ग्लोरियाच्या शेवटच्या भागाला विवाचे (चपळ), आणखी काही. बाकी सगळं तालाच्या चौकटीवर, शब्दांवर आणि गायकांच्या श्वासावर सोडलेलं. म्हणून लयीच्या रकान्यात आकड्यासमोर रेकॉर्डिंगचं नाव लिहायला विसरू नका. तो आकडा त्या सादरीकरणाचा असतो.

पट्टी: चार पायऱ्या

हा भाग सावकाश वाचा. आपल्याकडच्या माणसाला खरी अडचण इथेच येते, आणि खरा फायदाही इथेच असतो.

पहिली पायरी, पेटीचा नकाशा. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. एफ शार्प म्हणजे काळी तीन, बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

दुसरी पायरी, रेकॉर्डिंग कुठल्या मापाने लावलं आहे ते पाहणं. आजची वाद्यं मधला ए सेकंदाला 440 कंपनांवर लावतात. जुन्या पद्धतीची वाद्यं घेणारी मंडळी बहुधा 415 धरतात, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धा स्वर खाली. कागदावर बी मायनर लिहिलेलं पेटीवर काळी पाचला लागतं ते यामुळे. यंत्राला हा रिवाज माहीत नसतो. ते 440 गृहीत धरून सरळ 'बी फ्लॅट मायनर' सांगतं. तुम्ही मात्र दोन्ही लिहा: कागदावर पांढरी सात, कानाला काळी पाच. एकदा रेकॉर्डिंगचं माप कळलं की त्यातल्या सगळ्या भागांना तेच लागू होतं. पांढरी दोनची काळी एक होते, काळी तीनची पांढरी चार. तानपुऱ्याच्या अॅपमध्ये बारीक ट्यूनिंगची सोय असेल तर ए थेट 415 वर लावून टाका, मग हिशेब करावाच लागत नाही.

तिसरी पायरी, षड्ज शोधणं. भागाच्या शेवटी जा. शेवटचा नाद विरत असताना सर्वांत खालचा स्वर पकडा आणि गुणगुणा. जवळजवळ नेहमी तोच सा असतो. मग भागाच्या सुरुवातीला जाऊन तोच स्वर तिथेही घर वाटतो का ते पाहा. दोन्हीकडे जुळला तर सा पक्का.

चौथी पायरी, मेजर की मायनर. गंधार पाहा. शुद्ध असेल तर मेजर, आणि सगळे स्वर साधारण बिलावल थाटासारखे. कोमल असेल तर मायनर, म्हणजे आसावरी थाटाच्या जवळ, फक्त निषाद वर सा कडे जाताना बहुधा शुद्ध होतो आणि धैवतही कधी कोमल, कधी शुद्ध. फक्त याला राग समजू नका. हे थाटाचं साम्य आहे, चलनाचं नाही. आणि गंधार शेवटच्या नादात पाहू नका. मायनरमधला भाग शेवटी शुद्ध गंधारावर नेऊन ठेवायची त्या काळी रीत होती. पहिला किरिए दहा मिनिटं कोमल गंधारात फिरून अखेरीस शुद्ध गंधारावर विसावतो. तेवढा शेवटचा क्षण ऐकून कोणी त्याला मेजर म्हटलं तर ते चूक ठरेल.

आता गोंधळाची जागा. बी मायनर आणि डी मेजर या दोन्हींना पेटीवरच्या त्याच सात पट्ट्या लागतात: पांढरी सात, काळी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा. फरक फक्त सा कुठे धरायचा याचा. पांढरी सातला सा धरला तर गंधार कोमल येतो, पांढरी दोनला धरला तर सगळे शुद्ध. आपल्याकडे मूर्च्छना समजावताना हेच करून दाखवतात. यंत्र पट्ट्या मोजतं, आणि कुठली पट्टी किती वेळ वाजली यावरून अंदाज बांधतं. म्हणून ते या जोडीत वारंवार फसतं. कान फसत नाही, कारण कानाला विसावा कळतो.

हे ज्याला जमलं त्याला या मिस्सेचं एक मोठं गुपित आपोआप उलगडतं. 27 भागांपैकी बी मायनरमध्ये आहेत फक्त 5. डी मेजरमध्ये 12. म्हणजे रचनेचं नाव पांढरी सातचं आणि राज्य पांढरी दोनचं! पहिल्या भागावरून नाव पडलं, आणि संगीत तिथून निघून उजेडाकडे गेलं.

डी मेजरच का, याचं उत्तर ट्रंपेटमध्ये आहे. त्या काळच्या ट्रंपेटला झडपा नव्हत्या. साध्या नळीतून फुंकरीच्या जोरावर जे स्वयंभू स्वर निघतील तेवढेच वाजवायचे, आणि बाखच्या हाताशी असलेले ट्रंपेट डी मध्ये लागलेले होते. ट्रंपेट आणि टिंपनीसह (नगाऱ्यासारखं वाद्य) जल्लोष करायचा असेल तर पांढरी दोन गाठणं भाग होतं. म्हणून या रचनेत ट्रंपेट वाजू लागले की आधी पांढरी दोनचा सा लावून बघा. बहुतेक वेळा जुळतोच.

पहिल्या तीन भागांचे सा एकापाठोपाठ लिहून पाहा. पहिला किरिए बी, त्यानंतरचा ख्रिस्ते डी, दुसरा किरिए एफ शार्प. पांढरी सात, पांढरी दोन, काळी तीन. पांढरी सातला सा मानून हेच तीन एकत्र वाजवा: सा, कोमल ग, प. बी मायनरची कॉर्डच (एकत्र वाजणारा स्वरसमूह) ही. वीसेक मिनिटांच्या तीन स्वतंत्र भागांचे षड्ज एका कॉर्डचे तीन स्वर होऊन बसले आहेत. हे पहिल्यांदा पेटीवर वाजवलं तेव्हा मी तिन्ही पट्ट्या कितीतरी वेळ तशाच दाबून धरल्या होत्या.

तानपुरा कुठे खुपतो ते टिपा

आपला सा मैफलभर हलत नाही. या संगीतात तो एका भागाच्या आतही प्रवास करतो. त्यामुळे तानपुरा लावून अख्खा भाग ऐकता येत नाही, मधेच तो बोचायला लागतो. ते बोचणंच कामाला लावा. किरिएच्या सुरुवातीला तानपुरा सा-प वर सोडा. जिथे खुपेल तिथे ट्रॅकची वेळ लिहा आणि तानपुरा बंद करा. थोड्या वेळाने गाणं कुठेतरी पुन्हा स्थिरावल्यासारखं वाटेल. तिथे नवा सा शोधा. पहिल्या किरिएच्या मध्याच्या सुमारास तो काळी तीनकडे, म्हणजे आधीच्या पंचमाकडे गेलेला सापडेल. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की त्या भागाचा नकाशा तयार होतो. 'पट्टी: बी मायनर' या दोन शब्दांच्या मानाने हा नकाशा कितीतरी जास्त सांगतो.

एक जागा अशीही आहे जिथे कुठलाच सा टिकत नाही. क्रेडोच्या शेवटाकडे 'कोन्फितेओर' हा भाग येतो. तो एफ शार्प मायनरमध्ये, जुन्या चर्चगायनाच्या शिस्तीत चाललेला असतो. मग अचानक पावलं मंदावतात, अदाज्यो येतो, आणि 'मृतांच्या पुनरुत्थानाची मी वाट पाहतो' या शब्दांवर स्वर एकमेकांत विरघळू लागतात. पेटीवर मागोवा घ्यायला गेलात तर दोन-दोन क्षणांना बोट सरकवावं लागेल. इथे रकान्यात काही लिहू नका, कोरा ठेवा. त्या काही बारांनंतर डी मेजर असा उसळून वर येतो की ती कोरी जागा कशासाठी होती ते समजतं.

भाव: शब्द, दिशा, आणि कोण गप्प आहे

भावाबद्दल सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे मायनर दुःखी आणि मेजर आनंदी. संकेतस्थळांवर दिसणारे मूडचे आकडे काही अंशी याच गृहीतावर उभे असतात, त्यात लय आणि आवाजाचा जोर मिसळलेला. बेनेदिक्तुस ऐका. तोही पहिल्या किरिएसारखाच बी मायनर. एक टेनर (उंच पुरुषी आवाज) गातो, एक वाद्य सोबत करतं. कुठलं वाद्य हे बाखने लिहिलेलंच नाही, बहुतेक जण बासरी घेतात. त्यात दुःख शोधून सापडणार नाही. 'प्रभूच्या नावाने येणारा धन्य असो' असे शब्द आहेत, आणि संगीत रात्री उशिरा घरी येणाऱ्यासाठी ठेवलेल्या दिव्यासारखं तेवत असतं. मी माझ्या वहीत 'शांत' लिहिलं आहे. त्याच पट्टीत पहिला किरिए चार बारांच्या हाकेने सुरू होतो, सगळे आवाज एकदम, 'प्रभो, दया कर'. तिथे मी 'करुण' लिहिलं, मग खोडलं. ती करुणेची याचना आहे, रडणं नाही. शेवटी 'याचना' एवढंच ठेवलं.

तुम्हीही घाईने शब्द निवडू नका. आधी मजकुराचा अर्थ मराठीत एका ओळीत लिहा. मग स्वर चढतात की उतरतात ते पाहा. मग कोण वाजवत नाही ते पाहा, कारण बाखच्या शांततेला अर्थ असतो. हे तिन्ही क्रुचिफिक्सुसवर करून दाखवतो.

शब्द: 'आमच्यासाठी त्याला क्रुसावर खिळलं, त्याने यातना भोगल्या, त्याला पुरलं.' दिशा: बासची ओळ ई पासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते. आपल्या भाषेत सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. चार बारांत ती एकदा पुरी होते आणि पुन्हा वरून सुरू होते. अशी तेरा वेळा. बोटं मोजत ऐका. वर बासऱ्या आणि व्हायोलिनं आळीपाळीने उसासे टाकतात, चार आवाज एकमेकांत अडकतात, खालची उतरण मात्र थांबत नाही. बारा वेळा ती त्याच ई मायनरमध्ये परत येते. तेराव्या वेळी वाट बदलते. वरची वाद्यं गप्प झालेली असतात. फक्त गळे आणि खालची ओळ. 'पुरलं' या शब्दाबरोबर आवाज खोल खोल जातात, आणि ई मायनर सोडून जी मेजरवर टेकतात. पांढरी पाच, शुद्ध गंधार. कबरीच्या तळाशी मेजर!

पुढचा भाग लगेच लागू द्या, मधे थांबवू नका. 'तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला.' ट्रंपेट, टिंपनी, पाचही आवाज, डी मेजर, तीन मात्रांची नाचरी चाल. तो जी मेजर आधीच का आला होता ते आता कळतं. पांढरी दोनचा सा धरला तर पांढरी पाच म्हणजे मध्यम. दार किलकिलं करून ठेवलं होतं. या जोडीसमोर भावाच्या रकान्यात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दोन भागांना मिळून एकच नोंद केली आहे, कारण मला ते वेगळे काढता येत नाहीत.

आणखी एक नोंद नक्की करा, आन्युस देईची. तो जी मायनरमध्ये आहे. रचनेत फ्लॅटच्या, म्हणजे उतरलेल्या स्वरांच्या बाजूला झुकलेला हा एकटाच भाग. एकच आल्टो (सोप्रानोच्या खालचा) आवाज आणि एकसुरात वाजणारी व्हायोलिनं. इतका वेळ डी मेजरच्या उजेडात बसलेल्या कानाला हा कोपरा खरोखर अंधारलेला वाटतो. एवढ्या लांबच्या पट्टीत गेल्याचा परिणाम तो.

शेवटचा सराव

ग्लोरियातला 'ग्रात्सियास' आणि अगदी शेवटचा 'दोना नोबिस पाचेम' हे दोन भाग सलग लावा. संगीत तेच आहे. दोन्ही डी मेजर, दोन्ही 46 बार, दोन्हींत आवाज एकामागून एक खालून वर चढत जातात आणि उत्तरार्धात ट्रंपेट-टिंपनी येऊन मिळतात. बदलले आहेत ते शब्द. पहिल्यात 'तुझ्या थोर गौरवाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो', दुसऱ्यात 'आम्हाला शांती दे'.

दोन्ही ट्रॅकची लांबी लिहा. बार सारखेच, त्यामुळे लांबीतला फरक म्हणजे थेट लयीतला फरक. तुमच्या संचालकाने शेवट संथ घेतला आहे का, किती संथ, ते सेकंदांत कळेल. पट्टीचा रकाना दोन्हीकडे सारखाच भरेल. मग भावाच्या रकान्यात ग्रात्सियासपुढे एक शब्द लिहा. त्यानंतर आन्युस देई पहिल्यापासून पूर्ण ऐका, तो संपल्यावर दोना नोबिस तसाच पुढे चालू द्या, आणि त्याचा रकाना तेव्हा भरा.